मोबाइलचा पडदा बिघडला म्हणजे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस हसूं येईल. मोबाइलच्या पडद्याची दुरुस्ती ही कारागिराच्या दुकानांतील बाब; तिच्यावर व्याख्यान तें कशाला, असें वाटणें साहजिक आहे. परंतु आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत हा प्रश्न दुकानापुरता राहिलेला नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या शेतांत काय पेरलें आहे याची नोंद शेतकऱ्यानें स्वतः, धुऱ्यावर उभें राहून, पिकाच्या छायाचित्रासह मोबाइलवरून करण्याची पद्धत पडली. पुढें हमीभावानें कापूस विकावयाचा तर सातबाऱ्यावरील पिकाची नोंद विचारली जाते. ह्या नोंदीस मुदत असते. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पडदा बोट मानीनासा झाला, तर त्याची झळ वर्षाच्या विक्रीपर्यंत पोंचते. अंगणवाडीसेविकांचेंही असेंच आहे. कामासाठीं मिळालेले मोबाइल वारंवार बिघडतात आणि दुरुस्तीचा भार आमच्यावर पडतो, अशी तक्रार करून २०२१ च्या ऑगस्टमध्यें राज्यांतील अनेक सेविकांनीं ते सरकारास परत केले होते.

तेव्हां पडदा बिघडतो म्हणजे काय, हें आधीं पाहूं. दिसावयास तो एक असला, तरी त्याचे थर तीन. वर जाड कांच. तिच्याखालीं स्पर्श ओळखणारा थर, ज्यास दुकानांत ‘टच’ म्हणतात. आणि त्याखालीं चित्र उमटविणारा ‘डिस्प्ले’. ह्या सर्वांची एकत्र जोडणी म्हणजेच कारागिरांच्या भाषेंतील ‘फोल्डर’. टचच्या थरांत इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म, पारदर्शक जाळी असून तिच्यांत किंचित् विद्युत्भार खेळविलेला असतो. मनुष्याचें शरीर वीजवाहक आहे. बोट जवळ आलें, कीं त्या ठिकाणच्या भारांत फरक पडतो, व तो फरक मोजून यंत्र बोटाची जागा ठरवितें. येथें दाबाचें कांहींच काम नाहीं. म्हणून पडदा ऐकत नाहीं असें पाहून अंगठ्यानें जोर करणें व्यर्थ होय.

ही कल्पना फार जुनी नाहीं. इंग्लंडांत माल्व्हर्न येथील रडार संशोधनसंस्थेंतील ई. ए. जॉन्सन यांनीं १९६५ सालीं स्पर्शानें चालणाऱ्या पडद्याची कल्पना लेखरूपानें मांडली, ती विमानवाहतुकीच्या नियंत्रकांच्या उपयोगासाठीं. नियंत्रकाचें बोट कोरडें, स्वच्छ व मऊ! आपल्याकडे कापूस वेंचणाऱ्या बाईच्या बोटांना घट्टे पडलेले असतात. ती जाड, सुकलेली त्वचा वीज नीट वाहूं देत नाहीं, आणि पडद्यास बोट आल्याचें कळतच नाहीं. उलट पावसाचा थेंब किंवा घामाचा ओघळ हा वीजवाहक असल्यामुळें पडदा त्यालाच बोट समजून भलतीकडे धांव घेतो. अशा वेळीं ‘तुम्हांला मोबाइल वापरतां येत नाहीं’ असें म्हणून हंसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, दोष त्या बाईचा नाहीं, आणि बहुधा यंत्रही मोडलेलें नाहीं. हात व पडदा कोरड्या मऊ फडक्यानें पुसावे, घट्टा नसलेल्या दुसऱ्या बोटानें काम करावें, आणि सेटिंगमध्यें स्पर्शाची संवेदनशीलता वाढविण्याची सोय असल्यास ती सुरू करावी.

एवढ्यानें भागलें नाहीं तर खर्चास हात घालण्यापूर्वीं चार गोष्टी क्रमानें पाहाव्या. पहिली, वरून चिकटविलेली टेम्पर्ड कांच काढून पाहावी. तिच्याखालीं धूळ वा ओल शिरली असली तर स्पर्श पोंचत नाहीं. दुसरी, यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. तिसरी, चार्जर काढून पाहावा. चार्जर हलका असला किंवा घरांत अर्थिंग नीट नसलें, म्हणजे विजेचा उपद्रव टचपर्यंत पोंचतो आणि पडदा आपोआप नाचूं लागतो. चार्जर काढतांच तो थांबला तर पडदा निर्दोष समजावा. चौथी, यंत्राची पाठ फुगली आहे काय तें पाहावें. आपल्या उन्हाळ्यांत तापलेल्या जागीं ठेवलेल्या मोबाइलची जुनी बॅटरी फुगते व आंतून पडद्यास रेटते. असें दिसल्यास तें यंत्र ताबडतोब बंद करावें. बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, चार्ज तर मुळींच करूं नये, कारण ती पेट घेते.

आतां खरा बिघाड. एखादें चित्रचिन्ह बोटाखालीं धरून सबंध पडद्यावर फिरवावें. तें एका ठराविक पट्ट्यांत अडलें तर तेथील जाळी तुटली असें मानण्यास हरकत नाहीं, व मग टच अथवा फोल्डर बदलण्यावांचून गत्यंतर नसतें. सर्वच पडदा निपचित असला तर मात्र आपटल्यामुळें आंतील पट्टीचा जोड निसटलेला असण्याचा संभव असतो. कुशल कारागीर तो साफ करून पुन्हां बसवितो, आणि फोल्डरचा खर्च वांचतो. केवळ वरची कांच तडकली असून स्पर्श शाबूत असेल, तर तापपाटीवर गोंद मऊ करून बारीक तारेनें कांच सोडविण्याची कला कांहीं कारागिरांस अवगत असते. परंतु तींत डिस्प्ले दगावण्याची जोखीम असल्यानें ती आधीं विचारून घ्यावी. नवा फोल्डर घालावयाचाच असल्यास तो चिकटविण्यापूर्वीं नुसता जोडून चारही कोपऱ्यांत चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा. एकदां चिकटविल्यावर वाद उरतो, उपाय उरत नाहीं.

आणि मुदत उद्यांच संपत असली तर? ओटीजी नांवाची लहान जोडणी घेऊन तिच्यांतून संगणकाचा साधा माउस मोबाइलला लावावा. बहुतेक मोबाइलांवर बाण उमटतो, आणि टच मेला असतांही नोंद पुरी करतां येते, छायाचित्रें व नांवनिशी वांचवितां येते. यंत्र दुकानीं देण्यापूर्वीं सिमकार्ड काढून घ्यावें, आणि बँकेचा गुप्त अंक कोणासही सांगूं नये.

२०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिती नेमली. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकास मिळाली पाहिजे, हें तत्त्व त्यामुळें सरकारदरबारीं पोंचलें, हें चांगलें झालें. परंतु हक्काचा उपयोग जाणत्यासच होतो. पडदा बिघडला म्हणतांच नवा मोबाइल घेण्यास धांवणारा आणि ‘माझ्याच हाताला गुण नाहीं’ म्हणून खालीं मान घालणारा, हे दोघेही नागवले जातात. आधीं निदान, मग खर्च, हा वैद्याचा नियम येथेंही लागू आहे. पिकावर रोग दिसला तर आपण आधीं पान उलटून पाहतों. तीच नजर ह्या हातांतल्या यंत्राकडे वळवावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.