वल्हं, वारा आणि मुळशीचं पाणी

जांबे सोडून पश्चिमेला निघालं की हिंजवडीचे मनोरे मागे पडतात आणि सह्याद्रीच्या कुशीत मुळशीचा जलाशय दिसतो. पूर्ववाहिनी मुळेचं हे पाणी पश्चिमेला कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं जातं. टाटांच्या या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तळाशी बुडालेली गावं आहेत.

अशा डोंगरी जलाशयांत दोन-तीन दिवस वल्हवत भटकायचं, तर आधी होडी निवडा: कयाकचं वल्हं दोन पात्यांचं, कनूचं एका पात्याचं. जड सामान तळाशी, मधोमध; अंथरूण-पांघरूण वॉटरप्रूफ पिशवीत.

खरा खोडकर वारा! दुपारी तो उठला की होडी भलतीकडेच जाते. म्हणून उजाडताच निघावं, उन्हं चढण्याआधी काठ गाठावा. पावसाळ्यात तर होडी घरीच बरी.

लाइफ जॅकेट उशाला घेऊ नका, अंगात घाला. आणि धरणाच्या पाण्यात उतरण्याआधी परवानगी जरूर घ्या.