रेव्हरंड टिळक : कवीमागचा पाळक

तीस-पस्तीस वर्षें मी मुलांना मराठी शिकविलें. नारायण वामन टिळकांची कविता वर्गांत आली, कीं 'फुलामुलांचे कवि' एवढें सांगून मी फळ्याकडे वळत असें. हे गृहस्थ ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, हें एकाहि विद्यार्थ्यास मीं कधीं सांगितलें नाहीं. पालक काय म्हणतील, ही भीति! ती बाकी आज थोडी फेडतों.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानें त्यांस 'नवा करार' दिला. तो वाचतां वाचतां मन पालटलें, व १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ह्या निर्णयाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंस मोजावी लागली. पत्नीस न विचारतां उचललेलें तें पाऊल मला अद्यापहि पटत नाहीं. पुढें चार-साडेचार वर्षें नवराबायको एकमेकांपासून दूर राहिलीं.

मग तीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, एकत्र आलीं. तो १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाचा काळ. मी हल्लीं भवानीनगरास राहतों. आमच्याकडे आज ऊंस व साखर कारखाना दिसतो, परंतु नीरेचा कालवा येण्यापूर्वीं हाहि मुलूख दुष्काळीच होता, त्यामुळें त्या दिवसांची कल्पना मला करतां येते. अमेरिकन मराठी मिशननें तेव्हां शेंकडों पोरकीं मुलें संभाळलीं. अमक्याच्या हातचें पाणी चालत नाहीं, हा निर्बंध लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्म्यापूर्वींच स्वतःच्या विचारानें मोडला, व १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत आहे. १९३४ सालीं त्याचा पहिला भाग निघाला. ज्यांनीं वाचला नसेल, त्यांनीं अवश्य वाचावा.

१९०४ सालीं टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगर-राहुरीकडील मंडळींत महार-मांग समाजांतून आलेले गरीब लोक पुष्कळ. त्यांच्यांत बसणें, जेवणें, त्यांच्या दुःखांत धांवून जाणें, हेंच काम. परंतु टिळकांच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट आली. देवळांत गाइलीं जाणारीं बहुतेक गीतें परदेशी चालींवर बसविलेलीं. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या ओठीं तीं कशीं बसावीं? टिळकांनीं अभंग, ओवी, भजन व कीर्तन उपासनेंत आणिलें आणि स्वतः शेंकडों पदें रचिलीं. ज्याला वाचतां येत नव्हतें, त्याच्याहि तोंडीं प्रार्थना आपल्या भाषेंत, आपल्या तालांत आली. माझ्या मतें हीच त्यांची मोठी समाजसेवा. दानधर्म पुष्कळजण करतात.

घर मात्र धर्मशाळाच होतें. पैसा हातीं टिकत नसे, पाहुणा दारांतून परत जात नसे. बालकवि ठोंबरे ह्याच घरीं कांहीं काळ राहिले.

१९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे होतें. परंतु १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले. तेथें त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसहि जागा होती. वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षीं पगार सोडून असा खटाटोप करावयाचा, म्हणजे काय तें संसारी माणसास सांगावयास नको. दरबारास दोन वर्षें होतात न होतात, तोंच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें.

'ख्रिस्तायन' हें महाकाव्य थोडे अध्याय होऊन अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. त्यांतील बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत.