ईदीत एक चित्रपुस्तक



ईद म्हटली की नवे कपडे, शीरखुर्मा आणि ईदी. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेतला हमीद तुम्हांला ठाऊकच आहे. जत्रेत मित्र खेळणी घेत होते. हमीदला मात्र भाकरी भाजताना आजीची भाजणारी बोटे आठवली. तीन पैशांत त्याने चिमटा घेतला. खरी ईद ती! घरी राहिलेल्या माणसाची आठवण ठेवणारी.

आपल्या वस्तीत ईदच्या दिवशी घरी कोण राहते, याचा कधी विचार केला आहे का? ज्याला चालता येत नाही, नीट बोलता येत नाही असे मूल. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवले जाते. प्रेम नसते असे नाही. लोक काय म्हणतील याची भीती असते.

अशा घरांसाठी सुजाता पद्मनाभन यांचे, चुस्कित नावाच्या मुलीवरचे चित्रपुस्तक मला मोलाचे वाटते. चुस्कित लडाखची, नऊ वर्षांची. ती चाकांच्या खुर्चीवर बसते. शाळेची वाट खडबडीत, मध्ये ओढा, म्हणून शाळा बंद. अब्दुल नावाचा मुलगा हे पाहतो आणि मुख्याध्यापकांकडे जातो. मग सारे मिळून वाट सपाट करतात, ओढ्यावर पूल बांधतात. येथे चुस्कितला कोणी बदलत नाही, वाट बदलते. या कथेवर २०१८ साली चित्रपटही निघाला.

आपला वारसाही हेच सांगतो. हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मक्तूम अंध होते, तरी मदिनेत ते अजान देत आणि प्रेषित (स.) बाहेरगावी असताना नमाजही पढवीत. त्यांना कोणी आतल्या खोलीत बसवले नाही.

पालकहो, कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची साधी शाळा किंवा विशेष शाळा, निवड तुमची. आधी सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढा. वाशीत महापालिकेचे ई.टी.सी. केंद्र आहे, बांद्र्याला श्रवणदोषासाठी अलियावर जंग संस्था आहे. तेथे विचारपूस करण्यात कमीपणा नाही. वय वाया जाऊ देऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे. यंदा ईदीच्या पैशांतून एक चित्रपुस्तक घ्या. ते शेजारच्या त्या मुलाजवळ बसून वाचा आणि नंतर त्याला ईदमिलनाला घेऊन या. दारात पायऱ्या असतील तर आम्हां मोठ्यांना विचारा, ‘येथे उतरण का नाही?’

अब्दुलने तेवढेच विचारले होते. पूल नंतर झाला.