नक्कल, जागा आणि पडताळा



कोळसा खाणींच्या माजरीत डेटाच्या जपणुकीविषयी बोलायचे तर सुरुवात खाणीच्या नकाशापासूनच करावी लागते. भूमिगत खाण बंद झाली की ती कुठवर खोदली, हे दाखवणारा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करावा लागतो. म्हणजे एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायची शिस्त खाणधंद्याला संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. पण नुसती प्रत पुरत नाही. 2 फेब्रुवारी 2001 रोजी झारखंडमधल्या बागडिगी खाणीत शेजारच्या जुन्या खाणीत साचलेले पाणी घुसले आणि 29 कामगार गेले. मधली कोळशाची भिंत नकाशात होती त्याहून फार पातळ निघाली. नकाशा होता, त्याचा पडताळा झालेला नव्हता.

आता इथल्या वाहतूकदाराच्या कचेरीत या. गाड्यांची चलाने, काट्याच्या पावत्या, डिझेलची बिले, सगळे एका संगणकात. आणि नक्कल त्याच टेबलाच्या खणातल्या पेन ड्राइव्हवर. याला मी बॅकअप म्हणणार नाही. जुलै 2022 मध्ये वर्धा नदीला पूर आला, तेव्हा पाण्याने खण आणि टेबल असा भेद केला नाही.

खर्च किती, असे सगळे विचारतात. हार्ड डिस्क काही हजारांत येते, आणि पूर्ण हिशेबात तो सगळ्यात लहान आकडा आहे. एक मूळ, दोन नकला, त्यातली एक गावाबाहेर, असे धरले की ही बाहेरची नक्कल बहुधा क्लाउडवर जाते आणि तिचे भाडे दरमहा सुरू होते. शिवाय 20 एमबीपीएसच्या अपलोड वेगाने एक टेराबाइट चढवायला चार-पाच दिवस लागतात. काही क्लाउड कंपन्या माहिती परत घ्यायचेही पैसे लावतात; अतिस्वस्त कप्प्यातून ती हाती यायला बारा-बारा तास जातात. गाड्या उभ्या असताना या बारा तासांची किंमत काय, ते मालकाने आधीच मांडावे.

म्हणून काय जपायचे, हे ठरवण्यातच खरी बचत आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, कंपनीची हिशेबवही आठ आर्थिक वर्षे. इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा, असा नियम कंपन्यांना 2022 पासून आहे. पण लहान धंद्याचा हा हिशेब जागा फारशी खातच नाही. जागा खातात सीसीटीव्हीची चित्रे. ती वर्षानुवर्षे साठवून भाडे भरणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, कामाची तेवढी ठेवा, बाकी पुसा.

आणि जे ठेवाल, ते वेगळे ठेवा. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, रुग्णांच्या नोंदी दिवसेंदिवस हाताने लिहाव्या लागल्या. हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल या तिथल्या संगणकप्रणालीची माहिती परत मिळाली. तो वेगळा राहिला, म्हणूनच उपयोगी पडला. तुमची बॅकअपची डिस्क संगणकाला चोवीस तास जोडलेली असेल, तर आज घरी जाण्याआधी ती काढा.

उरतो माणसाचा वेळ. दर महिन्याला कोणीतरी नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली पाहिजे, आणि त्या कामाचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. या महिन्यात गेल्या वर्षीचे एक बिल बॅकअपमधून काढून बघा. ते उघडले नाही, तर नवी डिस्क घेण्याआधी हे काम कोणाचे, ते नाव ठरवा.