हृदयविकाराचे सोंग घेणारी गाठ
(मंडळात दिलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा एक नोकर. तरीही एका दुर्मिळ व्याधीविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण तिची पहिली खूण डॉक्टरांना नव्हे, घरच्या माणसांना दिसते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन ग्रंथी असतात. घाटाच्या पायरीवरून पाय घसरताच छातीत जी धडधड उठते, ती त्यांतून रक्तात उतरणाऱ्या ॲड्रेनॅलिनची करणी. क्वचित तेथे ‘फिओक्रोमोसायटोमा’ नावाची गाठ होते आणि संकट नसतानाही अशी संप्रेरके रक्तात लोटते. डोके ठणकते, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब एकाएकी चढतो आणि थोड्या वेळाने सारे ओसरते. घरात मात्र ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णालाच गप्प बसविले जाते.

या माऱ्याने हृदयाचा स्नायू दुबळा होतो, ठोक्यांचा ताल बिघडतो. फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. कधी हृदय थकल्यामुळे, तर कधी फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्याच पाझरू लागल्यामुळे. हृदयविकाराचा झटकाच वाटावा, आणि हृदयाच्या धमन्या मात्र मोकळ्या निघाव्यात!

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ साली हृदयविकाराचा झटका आला. १९६९ मध्ये निधनानंतर त्यांच्या अधिवृक्क ग्रंथीत ही गाठ आढळली. झटका तिच्यामुळेच आला असे म्हणता येत नाही. पण एवढ्या वैद्यांच्या पहाऱ्यातही ती लपून राहिली.

आज चोवीस तासांच्या लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीतून तिचा सुगावा लागतो, सीटी स्कॅनमध्ये ठिकाण कळते. शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस औषधांनी रक्तदाब आवरावा लागतो. त्यांतही क्रम महत्त्वाचा: अल्फा-रोधक औषध आधी, नुसते बीटा-रोधक दिल्यास रक्तदाब उलट उसळू शकतो. म्हणून धडधडीची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नये. गाठ निघाल्यावर दुबळे हृदय पुष्कळदा सावरते.

आपले आप्त दूर महाराष्ट्रात. येथे आपणच एकमेकांचे. कोणास असे झटके वारंवार येत असतील तर त्याच वेळी रक्तदाब मोजावा, वेळ टिपून ठेवावी आणि ती वही घेऊन काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात दाखवावे. लखनौच्या संजय गांधी संस्थेत अंतःस्रावी ग्रंथींच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभागच आहे. श्वास कोंडला तर मात्र वही शोधत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

व्याधी दुर्मिळ खरी. पण ज्या घरात ती येते, त्या घराला दुर्मिळतेचा दिलासा नसतो.