गिरमिटियांची बैठक



२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजाने ३६ भारतीय मजूर मॉरिशसला पोहोचले. गुलामगिरीचा अंत समीप होता. उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते. पुढे साडेचार लाखांवर भारतीय तेथे गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठीजनही होते.

एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी कापली जाई. तरीही दिवसभर राबून हे गिरमिटिये सायंकाळी 'बैठके'त जमत. तेथे रामचरितमानसाचे वाचन होई, मुले अक्षरे गिरवीत. मळेवाले जमिनी तुकड्यांनी विकू लागले, तेव्हा पै-पै साठवून अनेकांनी त्या घेतल्या. जमिनीने पाय रोवले, बैठकीने मन राखले.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. पंतप्रधान होते एका गिरमिटियाचे पुत्र, शिवसागर रामगुलाम!