परजिल्ह्यातील शाळेचे दार

(कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दसरा उलटला की बालाघाटच्या डोंगररांगेतील गावे रिती होऊ लागतात. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, केज. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, पत्रे, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि या सर्वांवर बसलेली लहान मुले, हे दृश्य तेथे कोणालाही नवे नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला त्या व्यवहारात ‘कोयता’ असेच म्हणतात, पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत किंवा सीमेपलीकडे बेळगाव भागात ऊस तोडते. माणसाला अवजाराचे नाव मिळावे, यातच पुष्कळ काही आले.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ही दोन पंचांगे कधीच जुळलेली नाहीत. तिसरीतले मूल दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत बसते. त्यानंतर हजेरीपटावर त्याचे नाव राहते, मूल राहत नाही. ते परतते तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोहोचलेला असतो आणि ते हातच्याच्या वजाबाकीपाशीच अडलेले असते. असे दोन-तीन हंगाम गेले की मूल प्रथम मागच्या ओळीत जाते आणि नंतर वर्गाबाहेर. मुलगी असेल तर त्याहून लवकर, कारण कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्यास कोणीतरी हवेच. पुढे मुलाच्या हाती कोयता येतो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि उचलीची वही पुढच्या पिढीच्या नावे उघडते.

या शतकाच्या आरंभी साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचे मोलाचे काम काही स्वयंसेवी संस्थांनी केले. मात्र १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ऊसतोड कामगाराच्या मुलाला वेगळ्या, तात्पुरत्या छपराखाली बसविण्याचे कारण उरले नाही. ज्या गावाच्या शिवारात त्याचे आईवडील ऊस तोडतात, त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत त्याचा अधिकार निर्माण झाला.

हा अधिकार किती स्पष्ट आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कायद्याचे ५ वे कलम सांगते की, कोणत्याही कारणाने मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागले, मग ती राज्यात असो वा राज्याबाहेर, तर शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा त्याला हक्क आहे. पूर्वीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे; विलंब केल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दाखला आलेला नाही या कारणाने नव्या शाळेला प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नसल्यास १४ वे कलम आणि वर्ष अर्धे सरले असल्यास १५ वे कलम मुलाच्या बाजूने उभे राहते. ९ व्या कलमाने तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी नावानिशी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. हे सारे ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे.

मग अडते कुठे? शाळेच्या पायरीवर अडते. पहाटेपासून फडात राबलेला बाप एखाद्या दुपारी अंगावर उसाची कुसळे तशीच घेऊन शाळेत जातो आणि “दाखला आणा,” एवढे दोन शब्द ऐकून परततो. अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून दाखला आणायचा म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडणार, वर मुकादमाची बोलणी. तो पुन्हा जात नाही. कधी विचारणा होते, “मार्चपर्यंतच राहणार ना? मग नाव कशाला घालता?” यात प्रत्येक वेळी शिक्षकाची दुष्टबुद्धी असते असे मानणे अन्यायाचे होईल. तेच मूल दोन शाळांच्या पटावर दिसले तर ऑनलाइन नोंदीत घोळ होतो आणि उत्तर मुख्याध्यापकाला द्यावे लागते. इकडे गावच्या शाळेलाही दाखला देणे जिवावर येते. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात आणि दहा-वीस मुले कागदोपत्री निघून गेली तर एक शिक्षक कमी होण्याची भीती असते.

शिक्षण हमी पत्रक ही या पेचातून काढलेली वाट आहे. कुटुंब गाव सोडते तेव्हा शाळेने मुलाच्या हाती हे पत्रक द्यावयाचे. नाव गावच्या पटावरच राहते, आणि परजिल्ह्यातील शाळा त्या पत्रकाच्या आधारे मुलाला त्याच्या इयत्तेत बसवून घेते. व्यवस्था साधी आहे. पण ट्रॉली पहाटे निघते आणि तिची वेळ मुकादम ठरवितो, मुख्याध्यापक नव्हे! म्हणून हे काम दिवाळीपूर्वीच, पहिले सत्र संपण्याच्या आत झाले पाहिजे. गावातील कार्यकर्त्याने कोणती कुटुंबे जाणार याची यादी घेऊन शाळेत बसावे, पत्रके लिहून घ्यावीत आणि पाठ्यपुस्तके मुलांच्या पिशवीत गेली की नाही ते पाहावे. बालभारतीचे पुस्तक शिरूर कासारला जे, तेच शिरोळला. मुलाच्या दृष्टीने नव्या वर्गातील ओळखीची वस्तू तेवढी एकच असते.

दुसरे टोक कारखान्याकडचे. तेथील कार्यकर्त्याला फार मोठे काम करावयाचे नाही. टोळी उतरल्यानंतर पहिल्या आठवड्यातच कोप्यांवर जावे, मुलांना घेऊन शाळेत जावे आणि नाव दाखल होईपर्यंत तेथून हलू नये. बापासोबत गावातला एक ओळखीचा माणूस उभा असला की शाळेतील भाषा बदलते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. प्रवेशानंतरही दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कोप्या पुष्कळदा गावापासून दूर, उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यालगत असतात. राज्याच्या नियमानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. ती नसेल तर वाहतुकीच्या सोयीची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करावी. आणि धाकट्या भावंडासाठी अंगणवाडी मिळाली नाही, तर मोठ्या बहिणीचा प्रवेश कागदावरच राहील. बेळगाव भागात गेलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी, ती माध्यमाची. तेथे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. त्यांतील जवळची कोणती, हे टोळी पोहोचण्यापूर्वीच शोधून ठेवावे.

मुलाने गावीच राहावे हे अधिक चांगले नव्हे काय, असे कोणी विचारील. घरी धडधाकट आजी असेल किंवा हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले असेल, तर निश्चितच चांगले. शाळा बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. पण वसतिगृह सुरू होण्यास विलंब झाला तर ट्रॉली त्यासाठी थांबत नाही, आणि सहा-सात वर्षांच्या लेकराला मागे ठेवताना आईचा पाय निघत नाही. त्या आईला दोष देता येत नाही.

शेवटचा टप्पा परतीचा, आणि तोच बहुधा विसरला जातो. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, कोप्या एका दिवसात मोडल्या जातात. त्यापूर्वी त्या शाळेकडून मुलाची हजेरी आणि मूल्यमापनाची नोंद लेखी घ्यावी. गावच्या शिक्षकाच्या हाती तो कागद पडला, तर चार महिने मूल काय शिकले हे त्यांना कळते आणि वार्षिक परीक्षेला ते वर्गासोबत बसते. कागद नसेल तर तेच मूल पुन्हा ‘सतत गैरहजर’ ठरते, आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये ज्या पानावर पुस्तक मिटले होते, ते पुन्हा तेथेच उघडावे लागते.